किल्ल्यातल्या मशिदीतून

गुलबर्गा, ११ मार्च १९५३

अमृतप्पाअण्णास निलम्माचे शरणु शरणार्थी.

मी खुशाल हाय. आज सासूबाई मला किल्ल्यातली जुनी मशीद बघायला घेऊन आल्यात. सहाशे वर्सांची म्हणतेत. मधी अंगणच न्हाई, सगळं छपराखाली. कमानीमागं कमान, आपल्या हिप्परग्याचा अख्खा बाजार आत मावंल. अप्पांचा गुडघा कसा हाय? ज्वारी काढून झाली का?

इथवर अप्पा-अव्वाला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

अण्णा, लग्नाला दहा महिने झाले, आज पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले. सासूबाई दारात ओळखीच्या बाईशी बोलायल्यात. मी खांबाआड रडत होते, तर झाडलोट करणारी म्हातारी जवळ आली.

"मैका किधर है, बेटी?" तिनं विचारलं.

मी माहेरचं गाव सांगितलं. तिनंच हा कागद अन् पेन्सिल आणून दिली. पत्र पेटीत तीच टाकणार हाय.

तुझी पत्रं मला देत न्हाईत. म्हणून उत्तर लिहू नको, तूच ये. दाराला बाहेरून कुलूप दिसलं, तर घरी कुणी न्हाई समजून माघारी फिरू नको. मी आतच असते.

तुझी बहीण,
निलम्मा