सगळेच उठतात

न्हावरे, ता. शिरूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय साहेबराव,

जय भीम. शितलवहिनींना नमस्कार. करुणाचा पदवीच्या झग्यातला फोटो मी रांजणगावला माझ्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला. तुझ्या लेकीमुळं आम्ही जर्मनी बघितली.

परत येऊन सहा दिवस झाले, अंगातला शिणवटा काही जात नाही. अनिता म्हणते, "विमानाचा शीण हाय, उतरंल." मी व्हय म्हणतो.

माझ्या विश्वजीतचं लग्न फेब्रुवारीत धरलंय, इथंच अंगणात. पत्रिका द्यायला दौंडला येईनच. त्याआधी हे लिहिणं भाग आहे.

कंपनीतली पोरं विचारतात, "शेठ, पोलंडात काय खाल्लं?" मी सांगतो, जर्मनीला जाताना वॉर्सात विमान बदलायला दीड दिवस मिळाला, तिथं उकडलेल्या करंज्या खाल्ल्या, आत बटाटा. वर बिटाचं आंबट सार. आमच्या कासुर्डीच्या हौसरावनं त्यात पिशवीतला ठेचा कालवला आन् शेजारची म्हातारी शिंकून बेजार. पोरं हसतात. बाकीचं सांगत नाही.

पहिल्या संध्याकाळी त्या भारी हॉटेलात जेवण उरकलं आणि तू तुझी प्लेट उचलून थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालास. वाढणारी पोरगी "नो सर, नो सर" करत आडवी आली. हौसराव ओरडला, "आरं, रेल्वे सोडून हितं भांडी घासाया लागतो का काय?" सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. तू परत येऊन बसलास आणि म्हणालास, "कुणी सांगायच्या आत उठल्यालं बरं असतं."

दुसऱ्या दुपारी त्या स्वस्त खाणावळीत गेलो. तिथं ज्यानं त्यानं आपलं ताट खिडकीत नेऊन द्यायचं. टाय लावलेला साहेब, रंगाचे डाग पडलेला मजूर, कॉलेजच्या पोरी, सगळे रांगेत. हौसराव कुरकुरला, "जल्मात ताट उचललं न्हाई बाबा." तू मात्र बसून राहिलास. बघतच राहिलास. मग स्वतःशीच बोललास, "हितं सगळेच उठतात."

मला ऐकू आलं. मी सार भुरकत राहिलो.

माझे कान तुला ठाऊक आहेत. तीनशे माणसं जेवत असली तरी कुठल्या टेबलावर भाजीला अळणी म्हणाले ते मला भटारखान्यात कळतं. त्याच कानांवर मी हा धंदा उभा केला. मग अठ्ठ्याण्णव साली, या घराच्या वास्तुशांतीला, आई माजघरातून अनिताला म्हणाली, "त्याचं ताट त्यालाच धुवाय सांग," ते मला ऐकू आलं नाही असं कसं होईल? मी दोन हातांवर पाहुण्यांशी बोलत होतो. अनितानं मान खाली घालून तुला सांगितलं. तू नळावर ताट धुतलंस, पालथं घातलंस, मला "येतो रे" म्हणालास. ज्या घराच्या विटा तू सुट्टी टाकून माझ्याबरोबर वाहिल्यास, त्या घरात परत जेवला नाहीस. कधी उपास, कधी ड्युटी. सत्तावीस वर्षं मी मान डोलावत आलो. ढाब्यावर एका ताटात जेवतो की, मग झालं, असं मनाला सांगत.

परवा आईपुढं बसलो. खरं सांगतो, तिला बोलायलाच गेलो होतो. शहाऐंशीची आहे, पण विसरलेली नाही. म्हणाली, "व्हय, म्या सांगितलं. आन् तू ऐकलंस. तुझं त्वांड माझ्याकडंच हुतं. तू काय बोलला न्हाईस, तवा म्या म्हनलं, ह्यालाबी तसंच पायजेल."

मी उठून अंगणात आलो.

साहेबराव, चूक आईवर ढकलून माफी मागायची सोय होती, तीही गेली. फोन केला असता तर हसून विषय बदलला असता, मला ते फार चांगलं जमतं. म्हणून कागद घेतला.

लग्नाला यायलाच पाहिजे असं म्हणायचं माझं तोंड नाही. पण नाही आलास तर ड्युटी सांगू नकोस. पोराबाळांसमोर, पाहुण्यांसमोर, खरं कारण सांग. मी खाली मान घालणार नाही, आणि दुसऱ्याशी बोलतही बसणार नाही.

तू अजून म्हणू देशील तर तुझाच,
नवनाथ