कोपऱ्यातली ज्वारी

तीर्थरूप अव्वास,
पुण्याहून शिवप्रियाचे शरणू शरणार्थी.

फोनवर तू नुसतं 'बरं बरं' म्हणतेस, म्हणून लिहितेय.

कामावर मी एका गिऱ्हाईक बाईंचा फ्लॅट सजवला, त्याच्या हॉलमध्ये तू शिवलेली इरकली लुगड्यांची कौदी लावली. दार उघडलं की समोर तीच. तिथलं महागडं चित्र मी बेडरूममध्ये धाडलं. कौदीखाली तुझ्या नावागावाची पितळी पाटी आहे, 'गौराबाई, मुरूम'. लई भारी दिसते.

गेल्या आठवड्यात त्या बाईंच्या हाताला कौदीच्या कोपऱ्यात काहीतरी लागलं. "गोधडीत खडे राहिलेत, उसवून काढा," म्हणाल्या. मी म्हटलं, "ज्वारी आहे ती. आमच्याकडं कौदी उपाशी ठेवत न्हाईत. दाणे घालूनच शेवटचा कोपरा शिवतात." आता येईल त्या पाहुण्याला बाई आधी तो कोपरा चाचपायला लावतात.

माझं जेवण वेळेवर असतं. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या शेजारच्या सकिनाबी फोनवर सांगत होत्या, अप्पा गेल्यापासून एकटीसाठी कुठं भाकरी थापायची म्हणून तू रात्री नुसता चहा पिऊन झोपतेस.

अव्वा, तू तर कौदीलासुद्धा उपाशी ठेवत न्हाईस.

तुझीच लेक,
शिवप्रिया