अंटार्क्टिकाच्या मातीला हळदीकुंकू

वारजे, पुणे
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार

ती. मुक्ताई वन्सं यांना हेमाचा नमस्कार, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात सगळी हकीकत त्याचीच होती. भावजी कसे आहेत? नाशिकला थंडी सुरू झाली का? इथे सगळे मजेत. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे (सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालंय, म्हणजे भांडण). तुमचे बंधुराज चेतनराव अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. ते हिंजवडीहून घरी येतात तेव्हा मी नारायण पेठेत निघालेली असते, त्यामुळे आमचा संसार सध्या फार सुखाचा चाललाय.

आता मुद्द्यावर येते. आमची नारायण पेठेतली माती तपासायची प्रयोगशाळा तुम्ही पाहिलीच आहे (लाकडी जिना, वर सर्जेराव सरांचा फोटो आणि फोटोखाली स्वतः सर). आजवर आमच्याकडे यायची ती उसाची माती. शेतकरी रुमालात बांधून आणायचे आणि आम्ही खताचा सल्ला द्यायचो. पण आता दिवस बदललेत, वन्सं. पूर्वी परदेशी यंत्र आणायचं तर दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्यात माणसाचे केस पिकायचे. आता ते कुरियरने दारात येतं आणि पाठोपाठ परदेशी कामही येतं. तर एका परदेशी विद्यापीठातल्या इंग्रिडबाईंनी आम्हाला गोठवलेली माती पाठवली. कुठली? थेट अंटार्क्टिकाची! (तिकडे माती असते का, हे सासूबाईंनीही विचारलं. असते. काही ठिकाणी बर्फाच्या मधून उघडी जमीन डोकं काढते.) त्या मातीत ओलावा किती, क्षार किती, चुना किती, वाळू किती, ती आम्ल की विम्ल, आणि सेंद्रिय कर्ब किती, म्हणजे तिच्यात कधी काही जगलं-मेलं का, हे सगळं मोजायचं होतं. काम पसंत पडलं तर आमच्यापैकी एकाला डिसेंबरात मोहिमेवर नेऊ, असं बाईंनी लिहिलं होतं. ‘आमच्यापैकी’ म्हणजे मी आणि पोपटराव. पोपटरावांना कात्रजचा घाट चढतानासुद्धा मफलर लागतो. तेव्हा उरले मी.

वन्सं, मला जायचं होतं. अगदी वेड्यासारखं जायचं होतं. मी वर्ध्याच्या उन्हात वाढलेली मुलगी. बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, नाहीतर फ्रिजमध्ये, तोही डिफ्रॉस्ट करताना चाकूने खरवडून. आणि इथे हातात अशी माती, जिच्यावर कधी नांगर फिरला नाही, बैल बसला नाही, कुणी तंबाखू थुंकला नाही. पहिली पिशवी उघडली तेव्हा मला हुंदका आला (पोपटरावांना वाटलं, ॲसिड उडालं). अर्धी माती मी फ्रीजरमध्ये तशीच राखली आणि अर्धी ट्रेमध्ये सुकायला पसरली.

इथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता यंत्रांची पूजा आमच्याकडे दरवर्षी होते. तराजू, भट्टी, चाळण्या सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. पण यंदा नवं परदेशी यंत्र आलेलं, त्यामुळे सर सोवळं नेसून आले होते. फुलं कमी पडली म्हणून मी मंडईत गेले. (त्या दिवशी झेंडूचा भाव विचारला तर विक्रेता आपल्याकडे दयेने पाहतो.) परत आले तोवर पूजा आटोपली होती, पेढे वाटले जात होते. सरांच्या मनात आलं, यंत्राला मान दिला आणि एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला नाही, हे बरं दिसतं का? म्हणून त्यांनी प्रत्येक ट्रेमधल्या मातीला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि पुन्हा सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून स्वतःच्या हाताने माती कालवून सारखी करून ठेवली. यातलं मला कोणी काही सांगितलं नाही. पूजा केली हे पुण्यात कोणी कोणाला सांगतं का?

मग आकडे आले आणि प्रयोगशाळेत दिवाळी झाली! सेंद्रिय कर्ब अपेक्षेच्या कितीतरी पट! चुनाही भरपूर! सर खुर्चीवर चढले (त्यांच्या वयाला आणि खुर्चीच्याही वयाला न शोभणारी गोष्ट). बर्फाच्या देशात जीवसृष्टी बहरली होती आणि ती नारायण पेठेने शोधली होती. सरांनी इंग्रिडबाईंना तेव्हाच ईमेल केली, आणि मीही, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात स्वेटर विणायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चाळणी धुताना हाताला तांदळाचा दाणा लागला. अंटार्क्टिकात भात पिकत नाही, एवढा भूगोल मला येतो. गाळणकागद पाहिला तर किंचित पिवळा. त्यावर धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकला, तर लालभडक! वरणाचा डाग पडलेला शर्ट साबणात बुडवला की जे होतं ना, तेच. सरांना विचारलं तर ते अभिमानाने म्हणाले, “अहो, घरचं कुंकू होतं. हळद आणि चुन्याचं. बाजारचं नव्हे.” म्हणजे कर्ब हळदीचा आणि चुना कुंकवाचा!

सर म्हणाले, चूक झाली एवढंच कळवा, कुंकवाचं कशाला सांगायचं? प्रयोगशाळेची अब्रू जाईल. मी रात्रभर तळमळले. सांगितलं तर जाणं गेलं, नाही सांगितलं तर जाऊन काय करू? शेवटी फ्रीजरमधली माती काढून सगळं पुन्हा मोजलं, सरांचं कुंकूही वेगळं मोजलं, आणि दोन्ही आकडे पूजेच्या साग्रसंगीत वर्णनासह पाठवून दिले. काल उत्तर आलं. बाई लिहितात, स्वतःची चूक मोजून पाठवणारी प्रयोगशाळा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, तेव्हा हेमानेच यावं. वन्सं, मी निघाले! डिसेंबर ते मार्च! सर आता सांगत फिरतात की हा पूजेचाच गुण.

सगळ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
हेमा

ता. क. सासूबाईंचा विरोध असेल असं तुम्हाला वाटत असेल. मुळीच नाही. त्यांनी एकच विचारलं, “तिथे पाहुणे येतात का?” नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग जा बाई, आराम कर.” त्या मेतकूट दळायलाही लागल्यात. ज्यांना अजून काहीच माहीत नाही, ते तुमचे बंधू. चार महिने म्हटल्यावर ते कोणत्या रंगाचे होतील, ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून हे पत्र. भाऊबीजेला तुम्ही येणारच आहात. यंदा ओवाळणीत साडी मागू नका, माझे हे चार महिने मागा. तुम्हाला ते नाही म्हणू शकत नाहीत. साडी मी घेते, रंग कळवा.

ता. क. २. सासूबाईंचा निरोप: तो हो म्हणेपर्यंत ओवाळत राहायचं, ताट खाली ठेवायचं नाही. हात दुखले तर त्या धरतील.