रस्ता जाणवला पाहिजे

२ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. सासूबाईंना मी आणणार. माझ्या गाडीतून.

नोंद राहावी म्हणून पार्श्वभूमी. महिन्यापूर्वी सासूबाई मागच्या दाराच्या पायरीवरून घसरल्या. पाठ धरली ती सुटलीच नाही. आमच्या शहरातल्या पाठीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. सोमवार, २४ तारीख, सकाळी साडेअकरा. ही चुकली तर पुढची थेट मे महिन्यात. त्यांचं घर ते आमचं घर, नव्वद किलोमीटर. त्यांच्या तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय, गाडीत धक्के बसता कामा नयेत.

सकाळी साडूचा फोन. त्याची गाडी नवी, उंच, आतून गुबगुबीत. म्हणाला, मी आणतो त्यांना, माझ्या गाडीत माणसाला झोप लागते. मी म्हटलं, गरज नाही. थोरला जावई मी आहे. अठरा वर्षं या घरात धाकट्या जावयांचं कौतुक ऐकतोय, आता पुरे.

बायकोने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

गाडीला पुढच्या डाव्या बाजूने थोडी खडखड आहे. किरकोळ. तीन आठवडे हातात आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मेकॅनिककडे गेलो. गाडीखाली शिरला, एक पहार घालून काहीतरी हलवलं, बाहेर आला. म्हणाला, लोअर आर्मचे, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे, चारही बुश गेलेत. बुश म्हणजे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये ठोकलेलं रबराचं जाड कडं. हे मला माहीत होतं. काल रात्रीपासून.

म्हणाला, नवे रबरी टाकतो, दोन तासांचं काम, शनिवारी आणा.

मी त्याला पॉली बुशबद्दल सांगितलं. सहा व्हिडिओ पाहिलेत. रबर मऊ असतं, ते रस्ता गिळून टाकतं. पॉली कडक असतं. वळणावर गाडी झुलत नाही, स्टिअरिंगला धार येते, रस्ता थेट हातात जाणवतो. याला रोड फील म्हणतात. मोठमोठे लोक यासाठी झुरतात.

त्याने विचारलं, गाडीत बसणार कोण. सांगितलं, सासूबाई, पाठीचं दुखणं. त्याने हात पुसले. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "साहेब, त्यांना रस्ता कशाला जाणवायला पाहिजे?"

माणूस हुशार आहे, पण दृष्टी गॅरेजपुरती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑर्डर दिली. तीन प्रकार होते. पिवळे मऊ, लाल मध्यम, काळे कडक. काळ्यांच्या खाली लिहिलं होतं, शर्यतीसाठी. काळे घेतले. तब्येतीच्या बाबतीत तडजोड नको.

१० फेब्रुवारी, सोमवार

पार्सल आलं. चार बुश, काळेकुळकुळीत, हातात घेतले की जबाबदारीची जाणीव होते. दाताने दाबून पाहिला. दात हलला.

सोबत चार छोट्या पुड्या, आत पांढरट चिकट क्रीम. कामानंतर हातांना लावायला असावं. एवढा विचार हल्ली कोण करतं. एक लगेच लावून पाहिलं. त्वचा लोण्यासारखी झाली. संध्याकाळी हातून दोन कप सुटले, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

दोन पुड्या बायकोला दिल्या, टाचांना भेगा पडल्यात म्हणून.

मुलगी सूचनांचा कागद उघडून वाचायला बसली होती. वय पंधरा, कागद दिसला की वाचते. मी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. सूचना वाचून कामं करणाऱ्यांनी जगात काही नवीन केलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७.४०

काम सुरू. स्वतः करणार. व्हिडिओतल्या माणसाने अडीच तासांत केलं होतं, आणि तो मध्ये बोलतही होता. मी बोलणार नाही. दहापर्यंत आटोपून अंघोळ, मग हायवेवर चाचणी.

सकाळी ११.१५

एक चाक निघालं.

दुपारी १.००

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन खाली आले आहेत. ते पूल बांधायचे. सल्ला देत नाहीत. नुसते मधूनमधून "अरेरे" म्हणतात. त्याने एकाग्रता जाते.

संध्याकाळी ६.३०

डावा आर्म निघाला. जुना बुश मात्र त्यात असा बसलाय, जणू भाडं भरतोय. हातोडा झाला, करवत झाली, गरम पाणी झालं. पूलवाल्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, याला प्रेस लागतो, दाबून काढायचं यंत्र. पूल बांधणाऱ्याला गाडीतलं काय कळणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुने निघाले. कसे ते लिहीत नाही. करवतीची तीन पाती गेली.

नवे आत जाईनात. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी लिहिलंय, थंड केले की आकसतात. चारही आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवले.

दुपारी मुलीच्या मैत्रिणी आल्या. डबा उघडला गेला. एकीने विचारलं म्हणे, काका खाण्यात काय पाळतात. मुलगी रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आकसण्याचा परिणाम तपासता आला नाही, कारण तोवर बुश कोमट झाले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गाडी दोन चाकांवर आणि दोन जॅकवर. ऑफिसला बसने. बसमध्ये लक्षात आलं, किती ढिसाळ सस्पेन्शन आहे. रस्त्याचा पत्ताच लागत नाही. लोक झोपले होते. दया आली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिकला घरी बोलावलं. हार म्हणून नव्हे, अंतिम तपासणीसाठी. त्याने दोन्ही आर्म नेले, गॅरेजमधल्या प्रेसवर बुश बसवून आणले आणि गाडीला लावले. प्रेसवरचं काम चाळीस मिनिटांचं. त्यातली तीस चहाची.

त्याने विचारलं, बुशबरोबर ग्रीस आलं असेल, पांढरं, पुड्यांमध्ये, ते कुठंय. म्हटलं, नाही, फक्त हातांचं क्रीम आलं होतं. तो माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग बायकोच्या टाचांकडे. ती घरात निघून गेली.

म्हणाला, कोरडे बसवलेत, ओरडतील. म्हटलं, नवे बूटसुद्धा ओरडतात.

एक पुडी ड्रॉवरमध्ये शिल्लक आहे, हे आत्ता लिहिताना आठवलं. असो. थंडीत उपयोगी पडेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली फेरी. शब्द नाहीत. म्हणजे जीभ चावली गेली म्हणून बोलता येत नव्हतं, पण तसेही शब्द नाहीत.

काय तो रस्ता. याच रस्त्याने तेरा वर्षं गाडी चालवली आणि त्याची ओळखच नव्हती. पोस्टासमोर गटाराचं लोखंडी झाकण आहे, त्यावर काहीतरी कोरलंय. आज ते बसल्या जागी वाचता आलं असतं. वळणावर गाडी जराही झुलत नाही. सरळ रस्त्यावर मात्र आरशात मागच्या प्रत्येक गाडीच्या दोन दिसतात. याने माणूस सावध राहतो.

किंचित आवाज आहे. चीं, असा. गतिरोधकावर लांब, खड्ड्यात आखूड. चौकातली कुत्री उठून उभी राहिली. फायदा असा की मी कोपऱ्यावर असतानाच वॉचमनने गेट उघडलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि ती मूळची खडखड गेली. किंवा ऐकू येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बायकोला फेरीला नेलं. दुकानापर्यंत गेलो. येताना ती चालत आली.

घरी आल्यावर म्हणाली, साडूला फोन कर. म्हटलं, गाडीला अजून सवय व्हायचीय, शंभरेक किलोमीटरमध्ये सगळं बसेल. म्हणाली, ते शंभर किलोमीटर आईच्या पाठीवर नकोत. मी तिला रोड फील समजावून सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं, हे तिचं वैशिष्ट्य. मग म्हणाली, "तुला आईला आणायचंय, की तुझ्या साडूला हरवायचंय?"

प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. दोन्ही एकाच फेरीत होतंय.

फोन केला नाही. तीन उशा गाडीत टाकल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६.१०

निघालो. बायको सोबत. उशांवर बसली आहे, त्या मुळात तिच्या आईसाठी होत्या. हवा छान. टायरची हवा जरा कमी केली आहे, मऊपणासाठी. माझीच कल्पना.

दुपारी ३.००

क्रमाने लिहितो.

सासूबाई अंगणात तयार होत्या. चेहरा उतरलेला, पण नीटनेटक्या, हातात तपासण्यांची फाइल. त्यांनी गाडीला नमस्कार केला. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पहिल्या बारा किलोमीटरमध्ये काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आराम वाटतोय. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली. आरशात त्या दोन दिसत होत्या आणि दोघींनीही धरली होती.

बाराव्या किलोमीटरला थांबायला सांगितलं. पाणी प्यायल्या. एकोणिसाव्याला पुन्हा. चोविसाव्याला विचारलं, टायरमध्ये हवा आहे ना हो. सव्विसाव्याला एक गतिरोधक आला. मी अगदी हळू घेतला, पण चीं मोठा झाला आणि त्यातच मागून दुसरा आवाज आला. तो गाडीचा नव्हता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

एकतिसाव्याला एक गाव, बसस्टँड. म्हणाल्या, इथे घ्या जरा. उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बोलतील. बोलायला हवं होतं, जागा होती. पण आवाज अगदी साधा. "जावईबापू, राग मानू नका. मी बसने जाते. तुम्ही मागून या."

बायको त्यांच्याबरोबर बसली. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. तीन उशा त्यांनी नेल्या. तपासण्यांची फाइलही. माझ्याकडे बॅग दिली, तिला मी पट्टा लावला.

पुढचे एकोणसाठ किलोमीटर बसच्या मागे. बस थांबली की मी थांबायचो. मागच्या खिडकीतली चार माणसं माझ्याकडे वळून बसली होती. चीं ऐकू जात असावा. ड्रायव्हरने दोनदा हात बाहेर काढून पुढे जा म्हणून खूण केली. गेलो नाही. चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास सासूबाईंचं डोकं खिडकीला टेकलेलं दिसलं. त्या झोपल्या होत्या.

गाडी रिकामी असताना हाताळणी अप्रतिम आहे. बॅगेला काही त्रास झाला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टॅक्सीने दवाखान्यात. अकरा वीसला पोचलो, वेळ चुकली नाही. टॅक्सीचे बुश रबरी असावेत. विचारलं नाही.

डॉक्टरांनी फोटो पाहिले, पाठ तपासली. ऑपरेशन नको म्हणाले. सहा आठवडे इथेच विश्रांती, सपाट बिछाना, व्यायाम. प्रवास बंद. बायकोने एवढा मोठा श्वास सोडला की डॉक्टरांचा कागद हलला.

मग डॉक्टरांनी विचारलं, पाठ आज एवढी का ताठली आहे, काल कशाने आलात. मी जमिनीकडे पाहत होतो.

सासूबाई म्हणाल्या, "बसने आले."

पुढे काही नाही. एकतीस किलोमीटर त्यांनी गाळून टाकले. बाहेर आल्यावर मी त्यांची फाइल धरली. अठरा वर्षांत त्या माझ्यासाठी काय काय गाळत आल्या असतील, असा एक विचार मनात आला. टॅक्सी आल्यामुळे पूर्ण झाला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गाडी मेकॅनिककडे दिली. रबरी बुश. निर्णय माझाच. दोन तास लागले, त्याने सांगितलेच होते तेवढे. चीं गेला. खडखडही गेली. गाडी पुन्हा साध्या माणसांसारखी चालते. पोस्टासमोरचं झाकण आहे की नाही, कळलंही नाही.

काळे बुश त्याने पिशवीत घालून दिले. म्हणाला, शर्यतीत उतरलात तर लागतील. मी आभार मानले.

वॉचमनला आता हॉर्न द्यावा लागतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंचा पलंग मुलीच्या खोलीत आहे. लोखंडी नळीच्या पायांचा, जुना. कूस बदलली की फरशीवर खडखडतो, सरकतो, आणि त्या जाग्या होतात. तीन रात्री धड झोप नाही. मी गुरुवारी कागदाच्या घड्या घालून पाहिल्या होत्या. उरलेल्या रविवारी घालणार होतो.

आज ऑफिसातून आलो तर आजी-नात खोलीत कामात. म्हणजे आजी खुर्चीत, नात पलंगाखाली. सासूबाईंनी कोपऱ्यातली पिशवी पाहून विचारलं होतं, ही जाड काळी कडी कशाची. मुलीने सांगितलं. किती सांगितलं ते माहीत नाही. पलंगाचे चारही पाय बुशच्या भोकांत तंतोतंत बसले. बसवायला क्रीमची शेवटची पुडी लागली. मुलीने ड्रॉवरमधून सूचनांचा कागद काढून मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिलंच वाक्य त्या पुड्यांबद्दल आहे. मी खिडकी बंद करायला गेलो.

पलंग हलत नाही. वाजत नाही. सरकत नाही.

रात्री जेवताना साडूचा फोन आला, सासूबाईंची चौकशी करायला. त्यांनी फोन कानाला लावून सांगितलं, थोरल्या जावयांनी पलंगाला काहीतरी बसवलंय, खास मागवून, शर्यतीच्या गाड्यांचं असतं म्हणे. साडूने विचारलं असावं, कसं वाटतंय.

"फार छान," त्या म्हणाल्या. "काहीच जाणवत नाही."