पट्टीखालचा शब्द

प्रिय मरलीनताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस फ्रिजवर ठेवून देशील. ठेव. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. आणखी दोन दिवसांनी काय बिघडतंय.

इकडचं सांगतो. शाळेत आपली भाषा यंदा नववीला रीतसर विषय झाली. सहावीत शाळा सोडलेला, एकवीस वर्षं रेल्वेचे रूळ बसवणारा तुझा भाऊ ती शिकवतो. बाकीच्या मास्तरांकडे पदव्या आहेत. माझ्याकडे आईच्या आवाजाच्या अकरा कॅसेट आणि त्यांवरून स्वतः उतरवलेले दोनशे बारा शब्द. भिंतीवर तक्ता लावलाय, माझ्या अक्षरात. जीभ कुठे टेकवायची, कुठे वळवायची, तेही खुणांनी दाखवलंय. चूक काढून दाखवा, म्हणतो मी मुलांना. अजून कुणाला सापडली नाही. सापडणार कशी म्हणा, ती भाषा नीट ऐकणारा दुसरा कान या गावात उरलेला नाही. वर्ग सुटला की मी आणि तक्ता.

त्यातल्या एका शब्दावर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे. कोणत्या, ते तुला सांगायला नको. वाऱ्याचा आपला शब्द तेच आईचं नाव. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचा आवाजही लावायचा नाही, थोरलं लेकरू येऊन ते स्वतः मोठ्याने म्हणून मोकळं करीपर्यंत. आणि आईचं थोरलं लेकरू, म्हणजे तू, ॲडलेडला. त्यामुळे कॅसेट डब्यात, आणि मुलं वाऱ्याला 'तो दुपारचा' म्हणतात. डोरिसमावशीची नात शॉनेल आहे ना वर्गात, फाजील पोरगी, म्हणते, "काका, तुमचा दुपारचा आज सकाळीच आला आणि माझी टोपी घेऊन गेला!"

नोव्हेंबरात मुलांनी समुद्रकाठी, गावोगावाहून येणाऱ्या आपल्या सगळ्या वडीलधाऱ्यांपुढे वाळूच्या टेकड्यांची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात दर तिसऱ्या वाक्याला वारा. 'दुपारचा' म्हणत ती सांगितली तर म्हातारी मंडळी हसतील, आणि पोरं पुन्हा तोंड उघडणार नाहीत. मुख्याध्यापिका चांगली बाई आहे. म्हणाली, "डेस्मंड, मग दुसरी गोष्ट घेऊ या ना." दुसरी कुठली? शाळेत सांगायला आईने ही एकच दिली होती.

मंगळवारी पट्टीचा डिंक सुटला आणि शॉनेलने खालचं मोठ्याने वाचलं. मधला 'र' गुळगुळीत, इंग्रजी. मी फळ्यावर लिहीत होतो. ताई, मी तिला थांबवलं नाही. मी तिचा उच्चार सुधारला. मागे वळून, जीभ उलटी वळवून, तो शब्द स्वच्छ म्हणून दाखवला, सोळा मुलांदेखत. कुणी हसलं नाही. शॉनेल हळूच म्हणाली, "काका, तुम्ही नाव घेतलंत."

मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटलं होतं, अंगणातून कुणी आईला हाक मारावी आणि ती ओ देईल असं वाटावं, तसं.

तिथेच दफनाचा दिवस आठवला. तू पेटीवर हात ठेवून आपल्या भाषेत निरोप घेत होतीस आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तो 'र' असा नाही." तू म्हणालीस, "तुझा तक्ताच पूर तिच्याबरोबर," आणि गाडीत बसलीस. दोन वर्षं मी स्वतःला सांगतोय की 'र' चुकलाच होता. चुकलाच होता. पण आठव्या वर्षी गोऱ्यांनी तुला आईपासून तोडून सरकारी गाडीत घालून त्या वसतिगृहात नेलं, आणि तिथे आपला एक शब्द बोललीस की तोंड साबणाने धुवायचे. मी तेव्हा आईच्या मांडीवर होतो. माझा 'र' मला फुकट मिळाला, हे मी कधी मोजलंच नाही.

म्हणून लिहितोय. नोव्हेंबरच्या आधी ये आणि आईचं नाव मोकळं कर. माझ्या जिभेचा इथे उपयोग नाही, थोरली तू आहेस. तुझ्या तोंडून जसं निघेल तसं म्हण. मी चकार शब्द काढणार नाही, भरवसा नसेल तर टाकीमागे उभा करून ठेव. पट्टी मी परत चिकटवली आहे. ती तू काढ. मग तिथे मी दोन उच्चार लिहीन, एक आईचा आणि त्याच्या शेजारी तुझा, आणि मुलांना सांगीन की दोन्ही बरोबर आहेत.

तुझाच, चुका काढून थकलेला,
डेस्मंड