लाडवांचा महत्तम साधारण विभाजक

पिंपरी, १४ मे १९५७

ज्योतीरामभाऊ यांस बबनरावाचा रामराम.

घरी सगळे खुशाल. तुमचा प्लास्टरमधला पाय खाजत असेल तर आत विणकामाची सुई घालू नका (मी एकदा घातली होती, अजून सापडायची आहे). त्या पायापायी तुमचे इंद्रायणीच्या लग्नाला येणे हुकले, म्हणून सविस्तर कळवतो.

जावईबापू पुण्याला कॉलेजात गणित शिकवतात. आकड्यांची कोष्टके मांडायची आणि एका कोष्टकाने दुसऱ्याला निःशेष भाग जातो का ते बघायचे, हा त्यांचा ध्यास. हुंडा नको म्हणाले. अट एकच, पंगतीत लाडू त्यांच्या नियमाने वाढायचे. ओळीचा आकडा घ्यायचा, ओळीतल्या पानाचा आकडा घ्यायचा, आणि दोघांना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, तेवढे लाडू. चौथ्या ओळीतल्या सहाव्या पानाला दोन. हुंडा वाचल्याच्या आनंदात मी हो म्हणालो. (पोरगी तर नियम ऐकूनच लाजली होती.)

लग्न गोरज मुहूर्तावर, पंगत दुपारी. नवरदेवाचे मामा, निघोजचे सावळाराम, यांना मी हाताला धरून मानाच्या पहिल्या ओळीत बसवले, बाराव्या पानावर. आता एकाला भाग फक्त एकानेच जातो! मानकऱ्यांच्या अख्ख्या ओळीला एकेक लाडू. आणि आमच्या कारखान्यातला भैरू, जो भिडस्तपणाने बाराव्या ओळीत अगदी शेवटच्या, बाराव्या पानावर बसला होता, त्याला बारा.

मामा ताडकन उठले. "पावन्याला येक आन् त्याला डझनभर? चला रं, गाड्या जुपा!"

वऱ्हाड उभे राहिले. तेवढ्यात इंद्रायणी हळदीच्या अंगाने धावत आली. "मामा, बसा. नियम उलटा करू. दोन्ही आकड्यांनी जिला भाग जातो, ती सर्वांत लहान संख्या धरू."

मामांच्या पानात बारा पडले. भैरूचे बाराचे बाराच राहिले. "व्हय, आता कसं!" म्हणत मामा बसले. पण भैरूच्या शेजारी, अकराव्या पानावर, आमचे फोरमन मारुतराव होते. त्यांच्या वाट्याला एकशे बत्तीस! ढीग हनुवटीला लागला तसे ते हात जोडून ओरडले, "अहो, मी जेवायला आलोय, पुरून घ्यायला नाही!"

मामा हसता हसता आडवे झाले. मग त्यांनी स्वतःच परात उचलली आणि नियम-बियम सोडून सगळ्यांना आग्रह करत सुटले. अक्षता वेळेवर पडल्या.

आपला,
बबनराव

ता. क. तुमच्या शालनच्या लग्नात वाढपाचे काम जावईबापूंना हवे आहे. तुमच्या वतीने मी शब्द देऊन बसलो आहे. रागावू नका.

आणखी ता. क. मला मानाने पहिल्या ओळीत बसवू नका. बाराव्या ओळीतले बारावे पान धरून ठेवा. नियम सुलटा लागो की उलटा, तिथे बारा ठरलेले.