मागूर माशांना रात्र मिळण्याबाबत

प्रति,
मा. पर्यवेक्षक, पथदिवे शाखा,
श्रमनगर वसाहत, भिलाई (म.प्र.)

विषय : क्वार्टरमागील दिव्यांना आमच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे हिंदीतील तीन अर्ज व त्यांवर झालेली कार्यवाही.

महोदय,

आपण मराठी आहात असे कळले, म्हणून हा अर्ज मराठीत. मी प्राणिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी असून वडिलांच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत, टाक्यांत मागूर मासे ठेवते. माशाच्या मेंदूत, माथ्याच्या पातळ हाडाखाली, उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस-रात्रीच्या फेऱ्याने त्या कशा बदलतात, हा माझा विषय. मासोळीला पापणी नाही. डोळे झाकले तरी माथा जागाच. तिला अंधाराशिवाय दुसरी अंगाई कळत नाही.

१. पहिल्या अर्जात मी "दिव्याचा त्रास होतो" असे लिहिले. आपल्या शाखेत दिव्याचा त्रास म्हणजे दिवा बंद, एवढेच ठाऊक. लाइनमन केवलराम मोठा बल्ब लावून गेले.

२. "त्रास वाढला आहे" असे कळवले. मर्क्युरी दिवा लागला.

३. मग "अंधार हवा" असे स्पष्ट लिहिले. केवलराम हसले. "बाई, लाइट मांगनारे लय पाह्यले. अंधार कोन मांगते? लिवन्यात चुकलं असन तुमचं." आणि दुसरा खांब रोवून गेले.

झरोके कांबळ्यांनी बुजवले, तर या उन्हाळ्यात पाणी तापून अर्धे मासे मेले. कांबळी काढली. आता अंधारात ठेवायच्या आणि उजेडात ठेवायच्या टाकीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, कारण रात्र कोणालाच मिळाली नाही. उरलेले मासे गेले तर विषय सोडावा लागेल, असे माझ्या सरांनी सांगितले आहे.

इकडे शेजारच्या गिरजाबाई अंगणात तांदूळ निवडत सगळ्यांना सांगतात, "कवडूच्या पोरीनं उजेड आनला, मायबाई!" बुद्धपौर्णिमेला माझा सत्कार ठरला आहे. मी नको म्हटले, तर म्हणतात, "लाजून राहिली पोरगी."

महोदय, दिवे काढा असे मी म्हणत नाही. पाळीवरून सायकलने परतणाऱ्यांना, माझ्या बाबांनाही, ते हवेतच. फक्त आमच्या बाजूने पत्रा लावावा. मूठभर अंधार द्यावा.

माणूस पाठवताना त्याच्या हाती नवा दिवा मात्र देऊ नये. दिल्यास मी खांबाला मिठी मारून उभी राहीन, त्याला चढू देणार नाही. मग माझ्याविरुद्ध जी तक्रार येईल, ती खरी समजावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
कु. हिरा कवडू खोब्रागडे
दि. ९ मे १९८६

सोबत : पत्र्याचे माप, दोरीला गाठ मारून.